खर्रा सोडवण्याच्या कार्यक्रमासाठी कोणता वर्तन-सिद्धांत घ्यावा?

प्रश्न
नमस्कार. नागपूरच्या कळमना बाजारातील हमालांनी खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण) सोडावा म्हणून आम्ही काही कार्यकर्ते सहा महिन्यांपासून काम करत आहोत. कर्करोगाची छायाचित्रे दाखवून झाली, व्याख्याने झाली. लोक मन लावून ऐकतात, हळहळतात आणि परत जाताना पानठेल्यावर थांबतात. पुढच्या प्रस्तावात ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ हा वर्तन-सिद्धांत लिहावा असे सुचवले गेले आहे. पण त्याने प्रत्यक्ष कामात काय बदलते?

उत्तर १
ताई, हे मॉडेल तुमच्यासारख्याच प्रश्नातून जन्मले. 1950च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीच्या एक्स-रेची मोफत सोय वस्तीपर्यंत नेली, तरी लोक फारसे येईनात. तेव्हा हॉकबाम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी त्यामागची कारणे शोधली. हा आजार मला होऊ शकतो का, झाला तर किती गंभीर, उपायाचा फायदा किती आणि त्यात अडचणी कोणत्या, याचा हिशेब माणूस मनाशी करत असतो, असे त्यांनी मांडले. तुमची छायाचित्रे यांपैकी केवळ गांभीर्य सांगतात आणि ते तर हमालांना पटलेलेच दिसते. अडचणींना मात्र अजून हात लागलेला नाही. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेला ‘मला हे जमेल’ हा विश्वास 1988 मध्ये या मॉडेलमध्ये जोडला गेला. खर्ऱ्याच्या बाबतीत मी त्यालाच सर्वाधिक महत्त्व देईन, कारण एक्स-रे एकदा काढला की काम संपते, खर्ऱ्याला मात्र दिवसातून अनेकदा नाही म्हणावे लागते.

उत्तर २
मी दंतवैद्य आहे. छायाचित्रातला रुग्ण नेहमी दुसराच कोणीतरी असतो. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहायला सांगा. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या आवरणाखाली तंतू साचत जातात आणि तोंड उघडणे कमी होते. तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तरी हा धोका राहतो. ज्यांची बोटे जात नाहीत त्यांना त्याच दिवशी तपासणीला न्या. नुसती भीती घालून घरी पाठवणे मला अन्यायाचे वाटते. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो क्रमांकही द्या.

उत्तर ३
सर्वांना एकच भाषण देऊ नका. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या पायऱ्या मांडल्या. ज्याच्या मनात सोडण्याचा विचारच आलेला नाही आणि ज्याने दोनदा सोडून पुन्हा सुरू केला, त्यांच्याशी बोलणे वेगळेच असायला हवे. आणि एक विचारायचे राहिले: त्यांना खर्रा नेमका केव्हा लागतो?

प्रश्नकर्ती
हे आम्ही खरोखर विचारलेच नव्हते. काल आठ जणांना विचारले. सहा जण म्हणाले, पहाटे गाड्या उतरवताना झोप आणि भूक दोन्ही मारायला लागतो. आमची व्याख्याने दुपारी चार वाजता होत होती. आता पहाटेच्या चहा-नाश्त्याची सोय आणि त्याच वेळी सोबत राहणारा, खर्रा सोडलेला एक हमाल, एवढ्यापासून सुरुवात करायची असे ठरवले आहे.