उसाच्या फडातली भीती

सर्वपित्रीच्या रात्री बघायला चांगला भयपट हवा तर परदेशीच शोधावा लागतो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. २०१७ चा विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ बघा, पूजा सावंत आहे. २०२१ ची हिंदी ‘छोरी’ त्याचाच रिमेक. दोन्ही बघणार असाल तर आधी मराठी, नाहीतर गुपित फुटतं.

आम्ही पलूसजवळच्या मळ्यातल्या घरी बघितला. ऑक्टोबर म्हणजे ऊस तोडणीआधीचा, डोक्याच्या वर गेलेला, आणि सिनेमातली बाई तशाच फडात वाट चुकते! शेतीपंपाची रात्रपाळीची लाइट आली तेव्हा मोटर चालू करायला एकटा निघालो. पाचटाची सळसळ रोजचीच, पण त्या रात्री पाय उचलेना. घरात गरोदर बाई असेल तर मात्र हा लावू नका, विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे.