तूर-कांदा कळतो, हातात दीड लाख आहेत. वायदे बाजारात उतरू का?

टॉवेलवाला_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. वय 27. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. मामांची वळसंगकडं शेती. शाळेत असल्यापासून त्यांच्यासोबत हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन जातोय, रात्र रात्र गाडीत झोपून काढलीय. कांदा कधी पडणार, तूर कधी उचलणार याचा अंदाज मला बऱ्यापैकी येतो. मागच्या हंगामात मामांना तूर महिनाभर थांबवायला लावली आणि चार पैसे जास्त मिळाले.

आता एक मित्र म्हणतोय, एवढं कळतं तर वायद्यात कर की, पुढच्या तारखेच्या मालाचा सौदा आजच भाव ठरवून, पोती उचलायची गरज नाही, मोबाईलवरच सौदा. त्यानं मला एका टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतलंय, तिथं रोज संध्याकाळी क्रूड (कच्चं तेल) आणि नॅचरल गॅस कधी घ्यायचं, कधी विकायचं याचे कॉल येतात. साठवलेले दीड लाख आहेत, वडिलांना सांगितलेलं नाही. लॉट, मार्जिन, एक्सपायरी हे शब्द ऐकून माहीत आहेत, पण डोक्यात नीट बसलेले नाहीत. सुरुवात कुठून करावी?

जुळे_सोलापूरकर

काय बे, आधी त्या ग्रुपमधून बाहेर पड. सेबी म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था. कॉल देणाऱ्याला त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचार. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर आयएनएच अक्षरांनी सुरू होतो, आणि सेबीच्या साइटवर तो तपासता येतो. विचारलास की तुला ते स्वतःच काढून टाकतील, तुझं काम वाचेल.

सूतमुनीम

तुझ्या वडलांच्या वयाचा आहे, अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तीस वर्षं सुताच्या पेढीवर हिशोब लिहिले.

पहिली गोष्ट तुझा मित्र तुला सांगणार नाही, कारण त्यालाही माहीत नसणार. तुला कांदा कळतो, पण कांद्याचा वायदा चालत नाही. तूर कळते, तर तूर-उडदाचे वायदे 2007 च्या जानेवारीतच बंद केले. सोयाबीन म्हणशील, तर 20 डिसेंबर 2021 ला सेबीनं सात शेतमालांचे वायदे थांबवले. त्यात सोयाबीन, हरभरा, गहू, मूग, मोहरी सगळं आलं, आणि पुढं मुदतवाढीवर मुदतवाढ. उरतं काय? वायद्याचे सौदे होतात ती दोन एक्स्चेंज, म्हणजे बाजार, बघ. एनसीडीईएक्सवर हळद, जिरे, धने, गवार. एमसीएक्सवर सोनं, चांदी, तांबं, क्रूड, नॅचरल गॅस. म्हणजे यार्डात झोपून तू जे शिकलास त्याला तिथं गिऱ्हाईक नाही. क्रूडचा भाव हलतो तो अमेरिकेतल्या साठ्याच्या आकड्यावर, बुधवारी रात्री, आपण जेवायला बसतो तेव्हा.

आता लॉट आणि मार्जिन. लॉट म्हणजे एका सौद्यात कमीत कमी घ्यावा लागणारा माल, मार्जिन म्हणजे त्यासाठी आधी भरायची अनामत. गोल्ड मिनीचा लॉट 100 ग्रॅमचा. समजा 10 ग्रॅमचा भाव 1,20,000 आहे, तर लॉट 12 लाखांचा झाला. मार्जिन 10 टक्के धरलं तर 1,20,000 भरून सौदा उभा राहतो. तुला वाटतं आपण सव्वा लाखाचा खेळ करतोय. नाही. तू 12 लाखांचं सोनं अंगावर घेतलंस. भाव 3 टक्के उतरला की 36,000 गेले, आणि ते सौदा कापल्यावर, म्हणजे मिटवल्यावर नाही, रोजच्या रोज खात्यातून वजा होतात. त्याला मार्क टू मार्केट म्हणतात. तुझ्या दीड लाखातले 1,14,000 उरले, म्हणजे मार्जिनच्या खाली. ब्रोकरचा फोन येतो: पैसे भरा, नाहीतर आम्ही सौदा कापतो. पुढच्या आठवड्यात सोनं परत वर गेलं तरी तू तिथं नसतोस. अंदाज बरोबर येऊनही माणसं बुडतात ती अशी.

माझं सांगतो. 2020 चा एप्रिल, लॉकडाउन, पेढी बंद, घरात बसून हात शिवशिवत होते. 20 तारखेला दुपारी एप्रिलच्या क्रूडचा एक लॉट 990 ला घेतला. लॉट 100 बॅरलचा, म्हणजे 99,000. खात्यात 1,10,000 होते. मी मुनीम माणूस, हिशोब केला: भाव अगदी शून्य झाला तरी 99,000 जातील, त्याच्यापुढं काय जाणार? एक्सपायरी, म्हणजे वायदा संपून अंतिम हिशोब व्हायचा दिवस, तोच आहे हेही माहीत होतं. पण तेव्हा एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं आणि हिशोब व्हायचा होता न्यूयॉर्कच्या दुपारी अडीचच्या भावानं, म्हणजे आपल्या मध्यरात्री. त्या रात्री तिकडं क्रूड उणे 37.63 डॉलरला गेलं. तेल ठेवायला टाक्या शिल्लक नव्हत्या, म्हणून लोक पैसे देऊन सौदे दुसऱ्याच्या गळ्यात मारत होते. आपल्याकडं आधी तात्पुरता भाव 1 रुपया दाखवला, मग अंतिम हिशोब लागला उणे 2,884 रुपयांनी. 990 अधिक 2,884, गुणिले 100. तीन लाख सत्त्याऐंशी हजार चारशे. खात्यातले सगळे गेले आणि वर 2,77,400 देणं निघालं. एफडी मोडून भरले. बायकोला कळलं ते बँकेचा मेसेज तिच्या फोनवर गेला म्हणून. ती काही बोलली नाही, दोन दिवस फक्त खिचडी केली.

म्हणून वडिलांना न सांगता करणार असशील तर मी तुला काहीच शिकवणार नाही.

आणि एक. वायदा मुळात ज्याच्याकडं माल आहे किंवा ज्याला माल लागणार आहे, त्याच्यासाठी. तुम्ही टॉवेलची ऑर्डर आज भाव ठरवून घेता आणि सूत दोन महिन्यांनी उचलता. 2022 च्या मे महिन्यात कापूस खंडीला लाखावर गेला तेव्हा एमआयडीसीत काय झालं ते वडिलांना विचार. त्या धोक्यावर झाकण म्हणून कापसाचा वायदा, त्याला हेजिंग म्हणतात. पण आठ मागांच्या कारखान्याला तो लॉट मोठा पडतो, सौदेही तुरळक, आणि कापूस वाढला म्हणून सूत लगेच तेवढंच वाढत नाही. तरी समजून घे. धंद्यात उपयोग होईल, क्रूडच्या कॉलचा होणार नाही.

नवीपेठ_सीए

मुनीमकाकांनी कराचं सोडलं, तेवढं सांगते. एमसीएक्स-एनसीडीईएक्ससारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या वायद्याचा नफा हा धंद्याचं उत्पन्न धरतात, सट्ट्याचं नाही. विवरणपत्र आयटीआर-3. तोटा झाला तरी भरा, आणि मुदतीत भरा, म्हणजे तो पुढची 8 वर्षं ओढता येतो. माझ्याकडं येणारे निम्मे लोक तोट्याचं विवरणपत्र भरतच नाहीत, लाज वाटते म्हणून.

नुसतं सोन्यात पैसे ठेवायचे असतील तर वायदा कशाला? गोल्ड ईटीएफ घ्या, म्हणजे सोन्यात पैसे लावणारा फंड, शेअरसारखा घेता-विकता येतो. मार्जिन नाही, एक्सपायरी नाही. सरकारी सुवर्णरोखे मात्र फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेले नाहीत.

टॉवेलवाला_एमआयडीसी

काका, 20 एप्रिलचं वाचून पोटात गोळा आला. ग्रुपमध्ये आयएनएच नंबर विचारला, दहा मिनिटांत काढलं मला. 😅 वडिलांशी काल बोललो. ते 2022 बद्दल तासभर बोलत बसले, एका ऑर्डरमध्ये किती घालवले हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. दीड लाखातले एक लाख सुतासाठी ठेवतोय. उरलेल्यातून शिकायचंच असेल तर सगळ्यात लहान काय?

सूतमुनीम

गोल्ड पेटल. 1 ग्रॅमचा लॉट. त्याआधी तीन महिने नुसतं वहीत लिही: आज काय घेतलं असतं, किती भावाला, कुठं कापलं असतं. पेननं लिही, पेन्सिलनं नको. आणि एक्सपायरीच्या आधी सौदा कापायचाच. सोन्यात एक्सपायरीआधीचे डिलिव्हरीचे, म्हणजे प्रत्यक्ष माल द्यायचे-घ्यायचे, शेवटचे काही दिवस आले की मार्जिन वाढतं, ब्रोकर थांबू देत नाहीत.

टॉवेलवाला_एमआयडीसी

एका ग्रॅमवर काय मिळणार काका?

सूतमुनीम

शंभर रुपये हलले तर शंभर रुपये. तेवढ्यावर रात्री किती वेळा फोन उघडून बघतोस ते मोज, आणि तोही आकडा वहीत लिही.