अनुभव धागा : हात वाईट की कागद?

‘माझ्या हातात कलाच नाही’ म्हणत ब्रश, सुई, वही कपाटात टाकणाऱ्यांसाठी हा धागा. ‘सराव करा, जमेल’ एवढंच लिहू नका, ते ऐकून कान किटलेत. नवशिक्याचं नेमकं कुठे बिघडतं, का, आणि काय करायचं, ते सांगा.

जलरंग
शाळेच्या चित्रकलेच्या वहीवर वॉश (पाण्यासारख्या पातळ रंगाचा सलग थर) दिला की कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं, डाग पडतात. बोल लागतो हाताला! ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद घ्या. महाग वाटला तर एका तावाचे आठ तुकडे करा. बोर्डाच्या वरच्या कडेखाली जाड पुस्तक सरकवून उतार द्या. रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवा, कारण मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जमत नाही. आडवा फटकारा मारला की खालच्या कडेला रंग साचतो. पुढचा फटकारा त्या ओल्या कडेला टेकवूनच ओढा. शेवटी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपा आणि हात मागे घ्या. चमक गेलेल्या पण दमट कागदावर ओला ब्रश टेकला, की नवं पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. कागद वाळला का, ते बोटांच्या पाठीने बघायचं. गार लागला तर आत ओल आहे. वाळल्यावर रंग फिका होतोच, तेव्हा ओला असताना थोडा गडदच दिसायला हवा.

क्रोशे
रुमाल वर निमुळता होत जातो ना? ताण वगैरे काही नाही, टाके गळताहेत. ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजे पहिला खांब (उंच टाका). त्यामुळे ओळीतला शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा. नेमका तोच घालायचा राहून जातो. ३० खांबांचे १० ओळींत २० होतात. दर ओळीला मोजा, कंटाळा आला तरी.

वृत्तातली कविता
‘मला लय नाही’ म्हणणाऱ्यांची चूक बहुधा जोडाक्षरात सापडते. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या : लगागा चार वेळा (ल म्हणजे लघू, १ मात्रेचं अक्षर; गा म्हणजे गुरू, २ मात्रांचं), ओळीत १२ अक्षरं, २० मात्रा. ‘सत्य’मधला ‘स’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो, २ मात्रा. पण ‘तुझ्या’, ‘तुम्ही’ यांतल्या ‘तु’वर आघात येत नाही, तो लघूच. नियम डोळ्यांनी लावला तर फसतो, मोठ्याने म्हणा. अडलेल्या ओळीखाली ल आणि गा लिहून काढा. बऱ्याचदा एखादाच शब्द बदलावा लागतो, अख्खी कविता नाही.

शाडूची मूर्ती
सोंड गळून पडते, कारण सुकत आलेल्या धडाला ओली सोंड चिकटवलेली असते. सुकताना ओली माती जास्त आकसते आणि सांधा सुटतो. दोन्ही भाग सारखेच ओलसर हवेत. सांध्यावर काट्याने ओरखडे काढा, मातीचं दाट पाणी लावा, दाबा, वरून माती सारवा. रात्री काम थांबवताना वर ओलं फडकं आणि प्लॅस्टिक. पूर्ण झाल्यावर सावलीत सुकवा. पंख्याखाली ठेवलीत तर बाहेरचा थर आधी आकसून तडा जातो.