सँट्रोचा टायमिंग बेल्ट घरी बदलायचाय

मुलुंडकर: मंडळी, जुनी सँट्रो झिंग आहे, बेल्ट कधी बदललेला ते आधीच्या मालकालाही आठवत नाहीये. सोसायटीच्या पार्किंगमध्येच काम करायचा विचार आहे, टूल्स आहेत, ब्रेक पॅड, क्लच केबल वगैरे स्वतःच करतो. जमेल का?

कुर्ला_गॅरेज: जमेल, पण घाई नको. आणि तोवर गाडी बाहेर काढू नकोस, चालू इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, मग हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह काढ, पहिला पिस्टन वर आणून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा), ज्यांना हा बेल्ट जोडतो, त्या दोन्हीच्या खुणा जुळव, जुना बेल्ट काढायच्या आधीच व्हाइटनरने ठिपके मार आणि फोटो काढ. बेल्टच्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं, म्हणून सम्पखाली (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार दे.

ठाणेवाला: टेन्शनर बेअरिंग (बेल्ट ताणून धरणारं) पण नवीनच घाल रे, तेवढ्यासाठी कंजुषी नको. कॅम-क्रँकचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही लगेच बदल, तेल लागलं की नवा बेल्टपण खराब होतो.

मुलुंडकर: बसवल्यावर सेल्फ मारून बघू ना?

कुर्ला_गॅरेज: अजिबात नाही!! प्लग काढ, पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरव, क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, मग खुणा परत बघ. मध्येच अडकलं तर जोर लावू नकोस, एखादा दात चुकलाय, बेल्ट काढून परत बसव.