मदत हवी आहे: दंडपेशींतलं रोडॉप्सिन जोडीनं का राहतं?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

मी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. लवकरच रोडॉप्सिनवर (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर) सेमिनार द्यायचा आहे आणि एका प्रश्नापाशी अडले आहे. इथे या विषयातली जाणकार माणसं लिहितात, म्हणून विचारते.

जे पक्कं समजलंय ते आधी सांगते. अंधुक उजेडात आपल्याला दिसतं ते दृष्टिपटलातल्या दंडपेशींमुळे. या पेशीच्या बाहेरच्या टोकात चपट्या चकत्यांची चळत असते आणि चकत्यांच्या पटलात (पातळ आवरणात) रोडॉप्सिन खच्चून भरलेलं असतं. ३४८ अमिनो आम्लांची ही साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. आत २९६ व्या जागेवरच्या लायसिनला रेटिनल हा प्रकाश शोषणारा छोटा रेणू जोडलेला असतो. फोटॉन शोषला गेला की रेटिनलचा बाक सुमारे २०० फेम्टोसेकंदांत सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते ट्रान्सड्युसिन या पुढच्या प्रथिनाला चेतवतं. पुढे फॉस्फोडायएस्टरेज हे विकर कामाला लागतं, सीजीएमपी हा निरोप्या रेणू घटतो, आयनांच्या वाहिन्या बंद होतात. एका दंडपेशीला एक फोटॉनसुद्धा पुरतो, हे हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी १९४२ सालीच माणसांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. इतकं सुंदर काम मी फार थोडं वाचलंय!

माझा प्रश्न मात्र फोटॉन येण्याआधीचा आहे. रोडॉप्सिन चकतीत एकेकटं असतं, की जोडीनं?

२००३ मध्ये फोटिआडिस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या दंडपेशींतल्या चकत्या अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपनं (सूक्ष्म सुईनं पृष्ठभाग चाचपून) पाहिल्या, तेव्हा जोड्यांच्या रांगाच रांगा दिसल्या. त्याच वर्षी शाब्र, कोन आणि सैबिल यांनी हरकत घेतली. सत्तरच्या दशकातल्या मोजमापांत रोडॉप्सिन पटलात मोकळेपणी सरकताना आणि स्वतःभोवती फिरताना आढळलं होतं. ते रांगेत जखडलेलं असेल तर हे जमेल कसं? या मायक्रोस्कोपसाठी नमुना अभ्रकावर पसरताना रांगा तयार होऊ शकतात का, अशी शंका मलाही आली. पण २०१५ मध्ये गोठवलेल्या अखंड दंडपेशींच्या क्रायो-टोमोग्राफीतही (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं केलेल्या त्रिमितीय चित्रणातही) जोड्यांच्या रांगा दिसल्या. म्हणजे सगळा दोष अभ्रकाचा नसावा.

मग जोडी हवी कशाला? २००७ मध्ये द्रावणातल्या सुट्या रोडॉप्सिननंही ट्रान्सड्युसिनला शक्य तितक्या वेगानं चेतवलेलं दिसलं.

आणि २०१६ चा एक निबंध मला सोडवत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या (दृष्टिपटल झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांत सापडलेले रोडॉप्सिनमधले तीन बदल (४५ व्या, २०९ व्या आणि २२० व्या जागेवरचे) प्रथिनाची घडी बिघडवत नाहीत, ट्रान्सड्युसिनही नीट चेतवतं, फक्त जोडी जमत नाही. माझ्या आतेभावाला हाच आजार आहे, त्यामुळे हा भाग मी नुसता मार्कांसाठी वाचू शकत नाही. जोडी न जमल्यामुळे पेशी मरते, असं म्हणता येईल का?

काजवा

निशिगंध, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र केलेत. जोड्या असतात का, आणि संदेश देण्यासाठी त्या लागतात का.

पहिल्याचं उत्तर 'असतात' याकडे झुकतं. २०१९ मध्ये मूळ पटलातून काढलेल्या रोडॉप्सिनच्या जोडीची क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीनं मिळवलेली रचना आली. त्यात दोन रेणू पहिल्या सर्पिलानं (पटलातून आरपार जाणाऱ्या सात पिळांपैकी पहिल्यानं) आणि आठव्या छोट्या सर्पिलानं एकमेकांना टेकलेले आहेत. शाब्र यांची हरकतही नीट वाचा. मोकळं फिरण्याचा मुद्दा लांब रांगांना जास्त अडचणीचा आहे. सुटी जोडी पटलात फिरू शकते.

दुसऱ्याचं उत्तर माझ्या मते 'नाही'. ट्रान्सड्युसिनसोबतच्या रचनांत एका रोडॉप्सिनला एकच ट्रान्सड्युसिन लागलेलं दिसतं.

आता आजाराचं. ४५ वी जागा पहिल्या सर्पिलात आहे, तेव्हा ती या जोडपृष्ठाशी (दोन रेणू टेकतात त्या बाजूशी) जुळते. २०९ आणि २२० मात्र पाचव्या सर्पिलात आहेत, त्यामुळे या एकाच जोडपृष्ठावरून तिन्ही बदल उलगडत नाहीत. शिवाय २०२० मध्ये ४५ व्या आणि २२० व्या जागेवरचे हेच बदल उंदरांत घालून पाहिले गेले, आणि त्यांचं दृष्टिपटल झिजलं नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तरी 'जोडी मोडली म्हणून पेशी मेली' असं सेमिनारमध्ये ठामपणे म्हणू नका. आतेभावाच्या अहवालात यांपैकी एखादा बदल आला असेल, तर आजाराचं कारण तोच आहे असं घरच्यांनीही गृहीत धरू नये. जनुकीय समुपदेशकाला हे उंदरांचं काम दाखवून विचारा.

निशिगंध

काजवा, मनापासून आभार. २०२० चं काम माझ्या नजरेतून सुटलं होतं, आजच काढून वाचते. अहवालात नेमका कोणता बदल आहे तेही आत्याला विचारते. आणखी एक: २०१५ च्या रांगांत जोडीतल्या दोघांमधलं जोडपृष्ठ आणि शेजारच्या दोन जोड्यांमधलं जोडपृष्ठ वेगवेगळं होतं का? कुणी तो निबंध बारकाईनं वाचला असेल तर कृपया सांगा, माझी आकृती त्यावरच अडली आहे.