मदत हवी आहे: मामांच्या डायना ३५ वरचं व्हार्निश काढू की राहू देऊ?

आजोळकर:
चवथीच्या साफसफाईत डिचोलीच्या आजोळी माळ्यावरून मामांची एअरगन खाली आली. मामा जहाजावर होते, तिकडून आणलेली जर्मन डायना, मॉडेल ३५. नळी बिजागरीवर मोडून (खाली दुमडून) स्प्रिंग ताणायची तीच. धनुष्य टाकून बंदूक उंचावणारी देवी, म्हणजे कंपनीची खूण, सिलिंडरवर अजून स्पष्ट आहे. लहानपणी मला ती शांतादुर्गेची कोणीतरी लागते असं वाटायचं!

दुखणं असं, की काही वर्षांमागे दारं-खिडक्या पॉलिश करायला आलेल्या सुताराने उरलेलं व्हार्निश दस्त्यालाही फासलं. लाकूड आता पाकातल्या जिलेबीसारखं चकाकतं. नळीवर दोन ठिकाणी गंजाचे ठिपके. भाटात (माडांच्या बागेत) डबे उडवायचे तेव्हाचं तिचं मंद, तेलकट रूप परत हवंय. पॉलिश पेपरने घासू का? आणि नळी नव्याने काळी करून घेऊ का?

जुनंलोखंड:
पेपर लावू नकोस रे बाबा! कडांची धार एकदा गेली की गेली. दस्ता सोडवून व्हार्निश रिमूव्हरने उतरव. चेपलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकव, वाफेने लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, अगदी पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. आपल्या पावसात ते वाळायला वेळ लावतं, तेव्हा दिवाळीनंतरच हात घाल.

नळीला तेल लावून सगळ्यात बारीक स्टील वूल हळू फिरव, ठिपके जातील. पुन्हा काळी करू नकोस. हाताळून झिजलेली निळसर झाक हाच या बंदुकीचा चेहरा. कोरी करकरीत केलीस तर मामांची राहणार नाही.

सिलिंडरच्या मागच्या टोकाला बारीक आकडे आहेत का? महिना आणि वर्ष असतं ते.

आजोळकर:
आहेत! ९ ६८. म्हणजे सप्टेंबर १९६८. काका, अंगावर काटा आला.

म्हापशेकर:
देखणेपणाचंच म्हणशील तर माझं मत बीएसए एअरस्पोर्टरला. १९४८ ची रचना, ताणायचा दांडा पुढच्या लाकडात असा लपवलाय की बघणाऱ्याला कळतही नाही. नळी मोडणाऱ्या बंदुका मला कायम शेतावरच्या वाटतात. (जुनंलोखंड आता भांडायला येणार.)

मुद्द्याचं: तुझ्या बंदुकीच्या नळीचं भोक ४.५ मिमीचं आहे की ५.५ चं? परवान्यातून सूट ४.५ पर्यंतच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअरगनलाच. ५.५ असेल तर आधी ते बघ, मग लाकूड.

जुनंलोखंड:
भांडत नाही. शेतावरचीच आहे ती, म्हणून तर टिकली.

आजोळकर, आणखी एक. नळी मोडलेली असताना चाप ओढायचा नाही. झटक्यात मिटून नळी वर वाकते, दस्ताही तडकतो. आणि हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडू नकोस. दाबाने पेटतं, धूर निघतो, स्प्रिंगचे हाल होतात. काम झालं की रेक्झिनच्या पिशवीत कोंबू नकोस, ओल धरते. उघडी, हवेशीर ठेव.

आजोळकर:
४.५ आहे, छर्रा घालून बघितला. रिमूव्हर आणला, दस्ता खोललाय. व्हार्निशखाली एका बाजूला मामांनी सुरीने कोरलेलं आद्याक्षर निघालं. तिथे इस्त्री लावायची नाही ना?

जुनंलोखंड:
तिथे हातसुद्धा लावू नकोस.