'द रेल्वे मॅन': खरी गोष्ट पत्रांत होती, सुऱ्यात नव्हे

माचीवरून
काल 'द रेल्वे मॅन' (२०१३) दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा रडलो होतो. या वेळी राग आला. मधल्या काळात मूळ आत्मकथन वाचलं, म्हणून.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक लोमॅक्स हा ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल्स विभागातला तरुण अधिकारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि तो जपान्यांच्या कैदेत गेला. तिथून सयाम (आताचा थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर, जी जपानी कैद्यांकडून बांधून घेत होते. कांचनाबुरीच्या छावणीत चोरून बनवलेला रेडिओ सापडला आणि लोमॅक्सने काढलेला रेल्वेचा नकाशाही. हात मोडेपर्यंत मारलं, नळीने नाकातोंडात पाणी सोडलं. या सगळ्या वेळी प्रश्न इंग्रजीत विचारत शेजारी बसलेला दुभाष्या म्हणजे ताकाशी नागासे. लोमॅक्सच्या डोक्यात पुढची पन्नास वर्षं तोच आवाज राहिला.

चित्रपटात म्हातारा लोमॅक्स न कळवता, सुरा घेऊन थेट नागासेपुढे उभा राहतो. त्याचा हात मोडायला निघतो, त्याला पिंजऱ्यात घालतो. प्रत्यक्षात यातलं काहीच झालं नाही. नागासेने स्वतःच्या पुस्तकात लिहिलं होतं की, कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात उभं असताना आपल्याला माफी मिळाली असं वाटलं. ते वाचून लोमॅक्सची बायको पॅटी संतापली. १९९१ मध्ये तिने नागासेला पत्र लिहिलं: ज्याचे हाल झाले त्याने अजून माफ केलेलं नाही, मग तुम्हाला माफी मिळाली कशी? नागासेचं उत्तर आलं की, तुमच्या पत्राचा खंजीर काळजात तळापर्यंत रुतला. त्यानंतर पत्रं सुरू झाली आणि दोघे भेटले थेट १९९३ मध्ये.

भेटीचा प्रसंग पुस्तकात वाचाच. पुलावरून हॅट घातलेला एक अगदी लहानखुरा म्हातारा येतो. तो वाकून नमस्कार करतो आणि थरथरायला लागतो. लोमॅक्स हात पुढे करून जपानीत म्हणतो, सुप्रभात, नागासे-सान, कसे आहात? ज्या भाषेत त्याला शिव्या मिळाल्या होत्या, त्या भाषेत. हा प्रसंग हाताशी असताना दिग्दर्शकाला सुरा का लागला? माफी एका झटक्यात मिळते असं दाखवणं मला त्या दोघांवर अन्याय वाटतो.

रेणू_सातारा
मी पूर्ण असहमत. दोन वर्षांची पत्रं पडद्यावर कशी दाखवणार? लोमॅक्स झालेला कॉलिन फर्थ टेबलाशी बसून वाचतोय, लिहितोय, परत वाचतोय? आणि सुरा खोटा नाहीच. नागासेला स्वतःच्या हाताने मारावं असं आपल्याला वर्षानुवर्षं वाटत होतं, हे लोमॅक्सनेच लिहिलंय. मनातला सुरा चित्रपटाने हातात दिला, एवढंच. ज्याने सूड घ्यायची संधी असताना हात आखडला, त्याचीच माफी मला पटते. मला तर तोच प्रसंग सगळ्यात प्रामाणिक वाटला.

माचीवरून
सुरा एक वेळ सोडला, पण मित्राची आत्महत्या? फिनले हे पात्र रचलेलं आहे. लोमॅक्सला प्रवासाला ढकलण्यासाठी एका माणसाला फास लावून घ्यायला लावलं. खऱ्या आयुष्यात त्याला ढकललं एका बाईच्या संतापाने आणि एका पोस्टाच्या पाकिटाने. ते कमी नाट्यमय आहे का?

बोरीबंदर
तुम्ही दोघं सुरा की पत्रं यावर भांडताय. माझा आक्षेप वेगळा आहे. सुमारे ४१५ किलोमीटरच्या त्या रेल्वेवर साठ हजारांवर दोस्त राष्ट्रांचे कैदी होते, त्यातले बारा हजारांवर मेले. आणि आशियाई मजूर? दोन लाखांच्या आसपास. त्यातले नव्वद हजारांच्या घरात मेले असा अंदाज सांगतात. अंदाजच, कारण कोणी मोजलंच नाही. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर हजारोंनी होते, म्हणजे आपलीच माणसं. कोणाला फसवून आणलं, कोणाला जबरदस्तीने. पटकीने वस्त्याच्या वस्त्या गेल्या. कांचनाबुरीच्या स्मशानात जवळजवळ सात हजार थडगी आहेत, नावांसकट. या मजुरांचं तिथे काय आहे? युद्धानंतर नागासे दोस्तांच्या पथकाबरोबर थडगी शोधत रुळांच्या कडेने फिरला, ती कैद्यांची थडगी. एका इंग्रज अधिकाऱ्याने माफ केलं की पडद्यावर संगीत वाजतं आणि हिशेब मिटतो. मळ्यावरच्या बाईने कोणाला पत्र लिहायचं होतं?

रेणू_सातारा
आकडे मान्य. पण एका माणसाच्या आत्मकथनावरच्या चित्रपटाकडून ही अपेक्षा कितपत रास्त?

बोरीबंदर
रास्तच. दृश्यात रुळ टाकताना मागे ती माणसं दिसायला तरी हवीत.

कोयनाकाठ
थोडं घरचं लिहिते. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ मध्ये इंफाळच्या बाजूला जपान्यांशी लढले. कैदेत नव्हते, पण त्यांचे सोबती गेले. लहानपणी काकांनी घरात जपानी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आणला. सगळे भोवती जमलो. आजोबांनी पेटीवरचं नाव वाचलं, चष्मा काढला आणि अंगणात जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत. आजीने ताट बाहेर नेऊन दिलं. पुढे तो वाजत असला की ते खोलीत थांबायचे नाहीत. एरवी कोणाशी वैर न धरणारा माणूस.

आपण म्हणतो, मरणान्तानि वैराणि. लोमॅक्स आणि नागासे यांचं वैर जिवंतपणी संपलं, कारण समोर माणूस होता. चेहरा, नाव, पत्ता. आजोबांच्या समोर फक्त एक पेटी होती. म्हणून पत्रं महत्त्वाची, माचीवरून यांच्याशी सहमत. आणि म्हणूनच बोरीबंदर यांचंही खरं आहे, कारण त्या मजुरांना समोर कोणीच मिळालं नाही.

माचीवरून
ताई, ताट अंगणात नेलं ते वाचून थांबलो थोडा वेळ.

बोरीबंदर, तुमचं मानतो. मजुरांच्या वतीने लोमॅक्स माफ करू शकत नव्हता आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याने तसा दावाही केला नाही. टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत त्याने नागासेला जे पत्र वाचून दाखवलं, ते एका माणसाचं दुसऱ्या माणसाला होतं. तेही पत्रच, बघा. माझं भांडण अजून तिथेच आहे.

बोरीबंदर
माझंही आहे तिथेच. पण पुस्तक मागवतो.